ब्रॉडहेडचे ‘कान’: हरणासाठीच्या बाणाचे टोक कसे ठरत गेले

ठाण्या-नवी मुंबईत कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेले) धनुष्य घेतलेल्या माणसाच्या पिशवीत कधी ना कधी एक चपटा डबा येतोच. आत तीन ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाची धारदार पात्यांची टोके), प्रत्येकी १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. कोणी ऑनलाइन मागवलेला, कोणी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला आणायला सांगितलेला. सरावाच्या टोकाइतकेच वजन आणि मागे तोच इंचाला ३२ आट्यांचा स्क्रू, त्यामुळे ते बाणाला सहज बसते. मग प्रश्न सुरू होतात: दोन पाती बरी की तीन? स्थिर घ्यावे की उघडणारे? आणि डब्यावरच्या ‘हरणासाठी परिणामकारक’ या शब्दांचा अर्थ काय?

इथल्यापुरते उत्तर कायद्याने कधीच देऊन टाकले आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही परवान्याच्या शिकारीला थोडी फट शिल्लक होती, ती १९९१च्या दुरुस्तीने बुजवली. ठाण्याला लागून असलेल्या, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या येऊरच्या जंगलात चितळ, सांबर, भेकर आहेत. त्यांच्यावर नेम धरणे हीसुद्धा शिकारच, कारण व्याख्येत प्रयत्नही धरला आहे. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. या कायद्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दात धनुष्यबाण नाव घेऊन घातलेला आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. ‘बंदूक थोडीच आहे?’ असे म्हणून धनुष्य पाठीला लावून येऊरच्या फाटकातून आत जाणे हाच मुळात गुन्हा.

म्हणजे ब्रॉडहेडचा इतिहास जिथे घडला ती जागा दुसरी, मुख्यतः अमेरिका. तिथल्या विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली केवळ धनुष्याने हरीण मारण्याचा हंगाम ठेवला आणि आधुनिक काळातली ही शिकार तिथून मार्गी लागली. तेव्हाचा बाण लाकडाचा. त्याचे पुढचे टोक पाच अंशांत निमुळते तासून त्यावर पोलादी पाते लाखेसारख्या गरम डिंकाने चिकटवत. दोन पाती, लांबट आकार, कानशीने काढलेली धार. ४५ पाउंड ओढीच्या साध्या धनुष्यातून ५०० ग्रेनचा बाण सेकंदाला १७० फूट गेला तर त्याच्यात ३२ फूट-पाउंड ऊर्जा असते. गोळीच्या मानाने हे काहीच नाही, त्यामुळे धक्क्याने जनावर पडत नाही. ते पडते रक्तस्रावाने. पाते रुंद का, धार वस्तऱ्यासारखी का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर हेच. बोथट पात्याने ऊतक फाटते आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठते. स्वच्छ काप वाहत राहतो. ताणलेला रबरबँड पात्यावर नुसता टेकवला आणि तुटला नाही, तर ते पाते डब्यात परत जाते.

कंपाउंड धनुष्याच्या पेटंटचा अर्ज १९६६ साली झाला, पेटंट १९६९मध्ये मिळाले, आणि पुढच्या दोन दशकांत सगळे गणित फिरले. आज ६० पाउंडांच्या कंपाउंडमधून ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २७० फूट जातो. ऊर्जा ६५ फूट-पाउंड, जुन्याच्या दुप्पट. पण वेगाबरोबर एक दुखणे आले. बाणाच्या मागे पिसे असतात तशी पुढे पाती असतात, आणि बाण किंचित तिरका निघाला की पातीही हवा पकडून सुकाणूचे काम करू लागतात. सरावाच्या गोल टोकाने ३० यार्डांवर सगळे बाण मुठीएवढ्या गटात बसवणारा माणूस ब्रॉडहेड लावताच सहा इंच डावीकडे मारू लागतो. दोष टोकाच्या माथी मारला जातो, असतो मात्र धनुष्याच्या जुळणीत.

त्यावर दोन उपाय निघाले. एक, पाती आखूड करून मध्ये खिडक्या कापायच्या आणि धार गेली की नवी पाती घालायची. दुसरा, पाती दांड्यालगत मिटवून ठेवायची आणि आत शिरताना उघडू द्यायची. हा दुसरा उपाय म्हणजे मेकॅनिकल ब्रॉडहेड. खरा गोंधळ इथून सुरू होतो, आणि तो एका शब्दाचा आहे: ‘बार्ब’.

आपल्याकडे या शब्दाला फार जुना प्रतिशब्द आहे, कर्णी. ज्याच्या पात्याला मागे वळलेले कान आहेत तो बाण. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धात कर्णी, विषारी आणि पेटते बाण वापरू नयेत असे सांगितले आहे. बाण आत जातो, पण ओढून काढताना कान मांस घेऊन बाहेर येतात. रुतलेल्या बाणाच्या टोकाला शल्य म्हणत, आणि शस्त्रक्रियेच्या शास्त्राला शल्यतंत्र हे नाव तिथूनच पडले.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हरणाच्या बाबतीत तीच मनाई केली. हेतू साधा होता: नेम चुकून बाण मांसल भागात रुतला, तर तो हलून गळून पडावा आणि जनावर जगावे. पण कायद्याला मोजमाप लागते. काही राज्यांनी लिहिले ते असे: पात्याच्या मागच्या कडेचा जो स्थिर भाग नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या खाचेच्या) बाजूने मोजता दांड्याशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करतो, तो बार्ब. कड दांड्याला काटकोनात असेल तर चालेल, किंचित मागे झुकली की नाही. परंपरावाल्यांनी आपल्या आवडत्या दोन पात्यांच्या टोकांचे मागचे कोपरे कानशीने घासून काटकोनात आणले. अक्षरशः कान कापले.

मेकॅनिकल या व्याख्येतून सुटले ते ‘स्थिर’ या एका शब्दामुळे. त्यांची पाती खिळीवर फिरतात. ज्यांची पाती मिटलेली असताना पुढे तोंड करून असतात, ती बाण मागे ओढला की पुन्हा पुढे दुमडतात, म्हणून ती अडकत नाहीत असा युक्तिवाद झाला. तो या प्रकाराला बऱ्यापैकी लागू पडतो. मागून सरकून उघडणाऱ्या प्रकाराचे तसे नाही. ती पाती उघडली की काही रचनांत मागे झुकलेलीच राहतात, म्हणजे कागदावर बार्ब नाही आणि जखमेत मात्र कान आहेत. काही राज्यांनी मेकॅनिकलवर वर्षानुवर्षे सरसकट बंदी ठेवली, ती मात्र बार्बच्या नावाने कमी आणि ‘उघडलेच नाही तर?’ या भीतीने जास्त. आमच्या मते बंदीचे कारण चुकीचे धरले गेले. आजची पाती सहसा उघडतात. उघडायला लागणारी ऊर्जा कुठून आणणार, हा खरा प्रश्न.

निवडीचा हिशेब तिथेच सुरू होतो. दोन इंची काप करणारे पाते ६५ फूट-पाउंडांतला मोठा वाटा शिरतानाच खर्च करते. फासळ्यांमधून दोन्ही फुप्फुसांत गेले तर दोन्ही बाजूंनी भोक पडते आणि माग काढणे सोपे होते. खांद्याच्या हाडावर किंवा तिरक्या कोनात लागले तर बाण घसरतो नाहीतर अर्ध्यात थांबतो. म्हणून ४५-५० पाउंडांखालच्या धनुष्याला दोन पात्यांचे, टोकापासूनच धार असलेले स्थिर पाते, रुंदी इंच-सव्वा इंच. मेकॅनिकलचा विचार साठच्या पुढे. अनेक राज्यांत किमान रुंदी ७/८ इंच म्हणजे २२ मिलिमीटर लागते. आंतरराष्ट्रीय लक्ष्यवेध स्पर्धेत उलट, टोकाचा व्यास ९.४ मिलिमीटरच्या वर चालत नाही. ‘माझा बाण, मी काहीही लावीन’ हे मैदानावर का चालत नाही, ते या दोन आकड्यांत दिसते.

१०० की १२५ ग्रेन, यावरून वाद घालण्यात वेळ जातो, पण जे वजन घ्याल त्याच वजनाचे सरावाचे टोक हवे. २५ ग्रेन वाढले की दांडा जास्त वाकतो आणि स्पाइन (दांड्याचा ताठपणा) बदलल्यासारखा वागतो. आधी बाण टोकावर उभा करून भिंगरीसारखा फिरवा. टोक थरथरले तर इन्सर्ट (टोकाचा स्क्रू ज्यात बसतो तो दांड्यातला तुकडा) वाकडा बसला आहे किंवा दांडा काटकोनात कापलेला नाही. सँडपेपरच्या ठोकळ्यावर कड सपाट करून इन्सर्ट पुन्हा चिकटवावा लागतो. तो सैल करताना कार्बनच्या दांड्याला थेट ज्योत लावू नये, टोक तापवावे. मग २० आणि ३० यार्डांवर दोन्ही टोकांचे गट पाहा. ब्रॉडहेड डावीकडे जात असेल तर रेस्ट (धनुष्यावरचा बाण टेकवायचा आधार) उजवीकडे, खाली जात असेल तर वर, एका वेळी अर्धा मिलिमीटर. गट एकत्र आले की हात काढा.

हे सगळे जिथे शिकार कायदेशीर आहे तिथले. ठाण्यातल्या मैदानावर ब्रॉडहेडला मनाई असते ती निशाण्याच्या फोमसाठी: थरांचा फोम दोनशे गोल टोके झेलतो, पण तीन पाती एकाच जागी दहा वेळा गेली की तिथून लादी निघते. डबा घरी राहिलाच असेल तर जूनआधी कार्बन स्टीलच्या पात्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा, मेकॅनिकलची पाती मिटवून धरणारे रबरी रिंग काढून ठेवावेत, कारण इथल्या उकाड्यात ते चिकट होऊन तडकतात. आणि पाते बोटांनी कधीच आवळू नये. डब्यात प्लास्टिकचा पाना त्यासाठीच दिलेला असतो.