टांकसाळीची चूक की टांकसाळीची रीत?

जुन्या चांदीच्या रुपयावरची अक्षरे कापलेली दिसली की ‘एरर कॉइन’ (टांकसाळीत चुकीचे पडलेले नाणे) म्हणून दुप्पट भाव सांगणारे विक्रेते हल्ली खूप झाले आहेत. पण नाणे कसे पाडले गेले हे कळल्याशिवाय त्यावर चूक आहे की नाही हे ठरत नाही.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेला साठा पाहा. शक राजा क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर एकावर एक दोन छाप. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगराचे चिन्ह चढलेले, मधूनच ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावणारे. अनभिज्ञाला हा गोंधळ वाटेल. प्रत्यक्षात नहपानाला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचेच चलन स्वतःच्या ठशाने पुन्हा छापून घेतले होते.

मोगल आणि मराठी रुपयांची गोष्ट वेगळी. चांदीची कोरी चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरे. अंकुशी किंवा चांदवडी या मराठी रुपयांवर मोगल बादशहाचे नाव अर्धे निसटले असेल, तर ते नेहमीचेच. कडेला किंवा मधोमध दिसणारे बारीक ठोके तर टांकसाळीचे नव्हेतच. चांदी पारखून सराफांनी मारलेल्या त्या खुणा. सालावरही विसंबता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मुर्शिदाबादी रुपयावर बादशहा शाह आलमचे १९ वे राज्यवर्ष कित्येक वर्षे तसेच ठेवले, कारण साल जुने झाले की सराफ बट्टा कापत, म्हणजे नाण्याची किंमत कमी धरत.

खरी ‘चूक’ जन्माला आली ती यंत्राबरोबर. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला: १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. वाफेच्या यंत्रातून एकसारखी नाणी पडू लागली, तेव्हा कुठे वेगळे पडलेले नाणे डोळ्यांत भरू लागले. पाडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचीच खोलगट, उलटी प्रतिमा उमटते. चकती न येताच ठसे एकमेकांवर आदळले, तर नंतरच्या नाण्यांवर समोरच्या बाजूची पुसट सावली दिसत राहते.

इथेही फसगत होतेच. १८६२ हे साल व्हिक्टोरियाच्या रुपयावर पुढे दहाएक वर्षे कायम राहिले; मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली दिसणारे ठिपके हेतुपुरस्सर दिलेले आहेत, ठशाचा दोष नव्हे. १९११ चा ‘डुकरी’ रुपया तर अशा चुकांच्या यादीत उगाच घुसवला जातो. पंचम जॉर्जच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ मध्ये चित्र सुधारले. सुमारे ९४ लाख पाडलेल्यांपैकी ७ लाखच बाहेर आले, बाकीचे वितळवले. चूक रेखाटनाची, नाणे अगदी नीट पडलेले.

उलट्या प्रतिमेच्या नाण्यांना भाव असल्याने ती बनवलीही जातात. दोन रुपये शिकंज्यात आवळले की एकाची खोलगट छाप दुसऱ्यावर उठते. अशा वेळी नाणे उलटून पाहावे. दाबामुळे मागची बाजू चेपलेली असते, आणि खोलगट छापेखाली मूळ छापाचे अवशेष भिंगातून दिसतात. टांकसाळीत कोऱ्या चकतीवर पडलेल्या नाण्यात हे दोन्ही नसते.