इमारत बोलते, फोन ऐकतो : ब्लूटूथ बीकनची पार्श्वभूमी

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की स्लॅबखाली तो नीट मिळत नाही. विमानतळावर किंवा भुयारी स्टेशनात नकाशावरचा निळा ठिपका भरकटतो तो यामुळेच.

इमारतीच्या आत कोण कुठे आहे हे ओळखण्याच्या उपायाचा शोध स्मार्टफोनच्या बराच आधी सुरू झाला. १९९०च्या सुमारास केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत ‘ॲक्टिव्ह बॅज’ तयार झाला. कर्मचाऱ्याच्या अंगावरचा बिल्ला साधारण दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडमधून आपला क्रमांक सांगायचा, खोलीतला सेन्सर तो टिपायचा आणि कोण कुठे आहे हे संगणकाला कळायचं. आलेला फोन त्या माणसापर्यंत वळवायला सोय उत्तम, पण प्रत्येकाच्या हालचालीची नोंद संस्थेकडे राहायची. बीकनने, म्हणजे इमारतीत बसवलेल्या आणि ब्लूटूथवरून सतत आपला क्रमांक सांगणाऱ्या छोट्या डबीने, ही दिशाच उलटी केली : इथे इमारत बोलते आणि माणसाचा फोन ऐकतो. माझ्या मते त्याचं खरं महत्त्व यात आहे.

२००६मध्ये नोकियाने ‘वायब्री’ हे अगदी कमी विजेवर चालणारं रेडिओतंत्र जाहीर केलं. २०१०मध्ये ते ब्लूटूथ ४.०चा भाग झालं. बटन सेलवर महिनोन्‌महिने चालणारी डबी आता शक्य होती. २०१३मध्ये ॲपलने आयबीकन हे बीकनचं तंत्र आणलं, २०१५मध्ये गूगलने एडीस्टोन. या डबीला स्वतःला काहीच कळत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर ती सेकंदाला अनेकदा एवढंच सांगत राहते : हा माझा क्रमांक, आणि ठरावीक अंतरावर माझा सिग्नल इतका जोरात येतो. प्रत्यक्ष आलेल्या जोराशी ते ताडून फोन अंतराचा अंदाज बांधतो. डब्यांच्या जागा ॲपला माहीत असतात. मध्ये कुणी उभं राहिलं तरी अंदाज बिघडतो, कारण शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. म्हणून डब्या भरपूर लागतात. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने २०१७मध्ये सुमारे २,००० बसवल्या, तेव्हा कुठे तीन मीटरच्या आसपास अचूकता आली.

दुकानदारांनी यात कूपन पाठवायचं साधन पाहिलं. नको त्या सूचनांचा मारा इतका वाढला की २०१८च्या अखेरीस गूगलने अँड्रॉइडवरची ‘निअरबाय नोटिफिकेशन्स’ ही सोय बंद केली. खरी गरज होती ती अंध प्रवाशांना. लंडनच्या पिम्लिको भुयारी स्टेशनात ‘वेफाइंडर’ प्रकल्पाने बीकनच्या आधारे कानात सूचना देऊन पाहिल्या : सरकता जिना कुठे, वळायचं कुठे. त्या कामातून २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक तयार झालं. एवढ्या एका उपयोगासाठीसुद्धा हे तंत्र सार्थकी लागलं असं मला वाटतं.

२०२१च्या एअरटॅगने, म्हणजे वस्तूला लावायच्या ॲपलच्या छोट्या टॅगने, दिशा पुन्हा फिरवली. आता वस्तू बोलते आणि अनोळखी लोकांचे फोन ऐकतात. हरवलेली बॅग सापडते, तसा कुणाचा पाठलागही करता येतो. म्हणूनच मे २०२४मध्ये ॲपल आणि गूगलने एकत्र येऊन, अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर दोन्ही प्रकारच्या फोनवर इशारा देण्याची सोय सुरू केली.