मध्यम ट्रकची देखभाल : उसन्या वेळापत्रकाचा इतिहास

मध्यम ट्रक म्हणजे नेमका किती वजनाचा, यावरच एकमत नाही. युरोपातला एन२ गट साडेतीन ते बारा टनांचा. अमेरिकेत चौथा ते सहावा वर्ग, म्हणजे सुमारे ६.३ ते ११.८ टन, काही जण सातवाही यातच धरतात. घरोघर माल पोचवणारे बंद बॉडीचे ट्रक, बंद पडलेली गाडी ओढून नेणारे, विजेच्या खांबांवर माणसं चढवणारे, छोटे टिपर हे सगळे याच गटातले. यांचा दिवस थांबण्यात आणि पुन्हा निघण्यात जातो. बरेचदा इंजिन चालू असतं आणि चाकं उभी. वेळापत्रक मात्र किलोमीटरवर लिहिलेलं. २०,००० किलोमीटर ताशी ८०च्या सरासरीनं २५० तासांत होतात. ताशी २०च्या सरासरीनं त्यालाच १,००० तास लागतात. ऑइल बदलायची वेळ कागदावर दोघांची एकच! या ट्रकचे पार्ट कधी कारवरून आले, कधी मोठ्या ट्रकवरून, आणि देखभालीच्या सवयीही त्यांच्यासोबत उसन्याच आल्या.

सुरुवातीच्या काळात मुख्य काम होतं ग्रीसिंगचं. किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), शॅकल (स्प्रिंगच्या पाट्यांची जोडकडी), स्टिअरिंगचे सांधे, सगळं वारंवार वंगण मागायचं. दाबानं ग्रीस भरणारी गन आली आणि ऑस्कर झर्क यांच्या नावावर १९२९ मध्ये पेटंट झालेला छोटा निपल सगळीकडे बसला. तो आजही जवळपास तसाच आहे. पद्धतही तीच: जुनं काळं ग्रीस बाहेर पडून पाठोपाठ नवं दिसेपर्यंत गन मारायची. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस करताना चासी जॅकवर उचलून भार काढायचा, नाहीतर दाबलेल्या बाजूला ते पोचतच नाही. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

जर्मनीत १९२४ च्या सुमारास डिझेल ट्रक आले, १९२७ मध्ये बॉशनं फ्युएल पंपाचं घाऊक उत्पादन सुरू केलं. अमेरिकेतले मध्यम ट्रक मात्र सत्तरच्या दशकापर्यंत बहुतांश पेट्रोलवरच चालले. त्यामुळे तिथले मेकॅनिक डिझेल शिकले ते बरेच उशिरा.

ते शिकले त्या काळातल्या दोन इंजिनांवरून आजही वाद रंगतात. इंटरनॅशनल या अमेरिकी ट्रक कंपनीचं डीटी४६६ हे वेट लायनरचं, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी वेगळी, बदलता येणारी आणि बाहेरून थेट पाण्यात. इंजिन झिजलं की हेड काढा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खाली घ्या, जुने लायनर-पिस्टन ओढून काढा, नवे बसवा. इंजिन चासीतून उतरवायची गरज नाही. १९८४ च्या सुमारास आलेल्या कमिन्स बी सिरीजमध्ये पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्येच चालतो. इंजिन हलकं, स्वस्त, आटोपशीर. पण बोअर झिजला की ब्लॉक मशीन शॉपला न्यावा लागतो. रोज कामाला जाणाऱ्या ट्रकच्या मालकाला पहिलं बरं वाटणार हे उघड आहे. वेट लायनरचीही एक खोड आहे. तो थरथरतो तेव्हा बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात, लायनरच्या भिंतीवर फुटतात, आणि हळूहळू तिला टाचणीएवढी भोकं पडतात. त्याला आळा घालायला कूलंटमध्ये नायट्राइटसारखं रसायन घालतात. ते संपलंय का, हे कागदी पट्टी बुडवून तिच्या रंगावरून कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण पाण्याची पातळी दिसली की लोक झाकण लावून मोकळे होतात.

१९७० मध्ये अमेरिकी ट्रकिंग संघटनेनं दुरुस्तीच्या नोंदींसाठी सामाईक कोड ठरवले, त्यात ब्रेकचा कोड ०१३. आपल्याच गाड्यांचं काय आणि कधी बिघडतं, हे ताफ्यांना यामुळे आकड्यांत पाहता आलं. या वर्गात हायड्रॉलिक ब्रेकही आहेत आणि एअर ब्रेकही, म्हणजे फिटरला दोन्ही यावे लागतात. अमेरिकेत नव्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांना ऑक्टोबर १९९३ पासून, तर एअर ब्रेकच्या गाड्यांना ऑक्टोबर १९९४ पासून स्वयंचलित ॲडजस्टर, म्हणजे लायनर झिजेल तसा ब्रेकचा ढिलेपणा आपोआप भरून काढणारे भाग, सक्तीचे झाले. सक्ती झाली तरी हाताची सवय गेली नाही. एअर ब्रेकचा असा ॲडजस्टर (ऑटो स्लॅक ॲडजस्टर) सैल दिसला की पाना लावून ताणायचा, हा प्रकार अजून चालतो. तो सैल पडतो तेव्हा दोष बहुधा ॲडजस्टरमध्येच किंवा झिजलेल्या बुशात, पिनमध्ये असतो; ताणल्यानं तो काही दिवस झाकला जातो, इतकंच.

मग आलं इलेक्ट्रॉनिक्स. बॉशनं १९८६ मध्ये कॅन बस, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी बोलू देणारी सामाईक तार, जाहीर केली; नव्वदच्या दशकात तिच्यावर आधारलेलं जे१९३९ मानक ट्रकमध्ये रुजलं. १९९५ मध्ये हिनो रेंजर या मध्यम ट्रकवर डेन्सोची कॉमन रेल यंत्रणा (सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचं डिझेल) आली, म्हणजे कारच्याही आधी. इथे एक जुनी युक्ती कायमची बाद झाली. कोणता सिलिंडर मारत नाही हे शोधायला मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करायचे; ज्यानं आवाजात फरक पडत नाही, तोच आजारी. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. तीच चाचणी आता स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून होते. अर्थात स्कॅनर असेल तर. स्वतंत्र गॅरेजांना उत्पादकांची माहिती आणि साधनं मिळावीत यासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये १४,००० पौंडांवरच्या गाड्यांसाठी करार झाला.

उसनं वेळापत्रक सर्वांत महाग पडलं ते धुराच्या नियमांनंतर. अमेरिकेत २००७ च्या नियमांनी काजळीचा फिल्टर आला, २०१० च्या नियमांनी बहुतेक इंजिनांवर धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी, ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाची यंत्रणा. फिल्टरमधली काजळी जाळायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. हायवेवरच्या ट्रकमध्ये उत्प्रेरकाच्या मदतीनं काजळी त्याहून कमी उष्णतेतही हळूहळू जळत राहते. दर दोनशे मीटरवर थांबणाऱ्या ट्रकचा सायलेन्सर तेवढाही तापत नाही. मग यंत्रणा जादा डिझेल सोडून रीजन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळणं, सुरू करते, ड्रायव्हर पुढच्या दारात इंजिन बंद करतो, आणि रीजन अर्धवट राहतं. जिथे हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडलं जातं, तिथे त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेनं चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. वाढलेली पातळी पाहून खूश होऊ नये. ऑइल पातळ झालंय, आणि किलोमीटर भरले नसले तरी ते लगेच बदलायचं.