गृहप्रकल्पाची खरी विक्री (ठाणे व नवी मुंबई)

गृहप्रकल्पाची खरी विक्री : बांधकाम चालू असलेल्या किंवा नुकत्याच पूर्ण झालेल्या प्रकल्पातील विक्रीयोग्य सदनिकांपैकी किती सदनिकांचे करारनामे ग्राहकांच्या नावे नोंदले गेले, याचे एका ठरावीक तारखेचे मोजमाप. जाहिरातीतल्या ‘८० टक्के विकले’ या आकड्याशी ते क्वचितच जुळते. ठाण्यात घोडबंदर रस्ता आणि बाळकुम-कोलशेत पट्टा, तर नवी मुंबईच्या बाजूला उलवे, खारघर, तळोजे इथे शेजारी शेजारी अनेक टॉवर विक्रीला असतात. त्यामुळे इथल्या घर घेणाऱ्याला हा फरक ओळखता येणे फार गरजेचे आहे. बांधकामाचा बराच खर्च ग्राहकांच्या हप्त्यांतून भागतो. विक्री अडली की बिल्डरचे कर्ज वाढते, काम रेंगाळते आणि आधी पैसे भरलेली कुटुंबे घरभाडे व गृहकर्जाचा हप्ता दोन्ही भरत राहतात.

विक्री एका दिवसात होत नाही. आधी इच्छुकाचा चेक, मग टोकन, मग वाटपपत्र (अलॉटमेंट लेटर) आणि शेवटी नोंदणीकृत करारनामा असा तिचा क्रम असतो. साइट ऑफिसच्या बोलण्यात या चारही पायऱ्यांना ‘बुकिंग’ म्हणतात. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे करारनाम्याआधी ग्राहकाचा प्रकल्पातला जीव जास्तीत जास्त दहा टक्के गुंतलेला असतो आणि तो माघार घेऊ शकतो. महारेराच्या (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) नमुना वाटपपत्राप्रमाणे पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपातही होत नाही. गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला झालेल्या बुकिंगपैकी किती टिकली, हे म्हणूनच दोन-तीन महिन्यांनी कळते. महारेरा नोंदणीआधी बुकिंग घेण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘प्री-लाँचलाच संपले’ या दाव्याला विक्रीच्या हिशेबात जागा नाही.

आकडा फुगतो तो बहुधा छेदामुळे. समजा, चार टॉवरच्या प्रकल्पात ६०० सदनिका आहेत. पहिल्या टप्प्यात १५० सदनिकांचा एक टॉवर नोंदवला, त्यातल्या १०० विक्रीला काढल्या आणि ८० टोकन जमले. ‘८० टक्के विकले’ असे फलकावर लिहिता येते. त्यातले ५२ करारनामे नोंदले गेले असतील, तर त्या टॉवरची विक्री सुमारे ३५ टक्के आणि अख्ख्या प्रकल्पाची ९ टक्क्यांहूनही कमी भरते. क्लबहाऊस आणि जलतरण तलाव शेवटच्या टॉवरबरोबर व्हायचा असेल, तर घेणाऱ्याने ६०० चाच छेद धरावा.

पहिला पडताळा महारेराच्या संकेतस्थळावर होतो. प्रत्येक टप्प्याला वेगळा नोंदणी क्रमांक असतो. जुन्या पद्धतीच्या क्रमांकांत ठाणे जिल्ह्याचे पी५१७ ने आणि रायगडचे पी५२० ने सुरू होतात. नवी मुंबई दोन्ही जिल्ह्यांत विभागली आहे. वाशी, नेरुळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, उलवे, पनवेल रायगडमध्ये. त्याच अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे बुक झालेल्या सदनिकांची संख्या दर तिमाहीला अद्ययावत करणे प्रवर्तकावर (म्हणजे बिल्डरवर) बंधनकारक आहे. ही माहिती प्रवर्तक स्वतः भरतो, हे मात्र विसरू नये. माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने २०२३ मध्ये स्थगित केली होती. प्रवर्तक सादर करतो त्या सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राला विकलेल्या व न विकलेल्या सदनिकांचा तक्ता जोडलेला असतो. त्यात सदनिकेची ठरलेली किंमत, आलेली रक्कम आणि येणे बाकी असे रकाने असतात. हा तक्ता हाती लागला तर तो नीट वाचावा. पंधरावा स्लॅब पडून गेला आणि एखाद्या ‘विकलेल्या’ सदनिकेपोटी अजून दहाच टक्के जमा असतील, तर ती विक्री कच्ची आहे.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सूची क्रमांक २, बोलीभाषेत इंडेक्स टू; हा नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून ती पाहता येते. घोडबंदरच्या टॉवरसाठी कावेसर, वडवली, ओवळे अशी मूळ गावांची नावे आणि सर्व्हे नंबर लागतात. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) नोडमध्ये, म्हणजे वसाहतींत, मात्र सेक्टर व प्लॉट क्रमांकाने शोधावे लागते. एका पानात मोबदला, बाजारभाव, सदनिकेचा क्रमांक व मजला, क्षेत्रफळ, दोन्ही पक्षकार, मुद्रांक शुल्क इतके सगळे मिळते. त्यातला नववा व दहावा रकाना शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. नवव्यात दस्त करून दिल्याचा दिनांक असतो, दहाव्यात तो नोंदवल्याचा. दस्त केल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले होते. डिसेंबरात शुल्क भरून केलेले कित्येक दस्त पुढच्या महिन्यांत नोंदले गेले. नुसती नोंदणीची तारीख धरणाऱ्याला २०२१ च्या सुरुवातीची विक्री आहे त्याहून मोठी दिसेल. मुद्रांक शुल्कासाठी धरले जाणारे सरकारी बाजारमूल्य दरवर्षी एक एप्रिलला बदलू शकते, म्हणून मार्चमध्येही नोंदणीची गर्दी उसळते. एका महिन्यावरून वेग ठरवू नये.

इंडेक्स टूमधला प्रत्येक दस्त विक्रीचा नसतो. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर इथल्या पुनर्विकासात जुन्या सभासदांचे कायमस्वरूपी पर्यायी जागेचे करारही नोंदले जातात. त्यांत बिल्डरकडे एक पैसाही येत नाही. साडेबारा टक्के योजनेच्या (सिडकोने प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या) भूखंडावर जमीनमालकाच्या वाट्याच्या सदनिकाही अशाच बाजूला काढाव्या लागतात. रद्द झालेल्या व्यवहारांचे रद्दलेख वजा करायचे. एकाच व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या नावे दहा-बारा सदनिका दिसल्या, तर तो गुंतवणूकदार आहे असे समजावे. ताब्याच्या सुमारास त्या रिसेलला येतात आणि बिल्डरच्या शिल्लक मालाशीच स्पर्धा करतात.

किती विकले याइतकेच काय उरले हे पाहावे. साइटवर मजलेनिहाय तक्ता मागितला की कोणत्या दिशेच्या, कोणत्या आकाराच्या सदनिका पडून आहेत ते उमगते. वन बीएचके संपून मोठ्या सदनिका उरल्या असतील, तर संख्येने ७० टक्के दिसणारी विक्री रकमेने बरीच कमी असते. ‘थोडेच उरलेत’ म्हणणारा प्रकल्प मुद्रांक शुल्क माफ, मॉड्युलर किचन मोफत अशा योजना महिनोन्‌महिने चालवत असेल आणि चॅनल पार्टनरचे (विक्री करून देणाऱ्या दलालांचे) कमिशन वाढवत असेल, तर माल उठत नाही असेच मानावे. छापील दर तसाच ठेवून सवलत देण्याची पद्धत रूढ आहे. एकाच मांडणीच्या सदनिकांचा इंडेक्स टूमधला मोबदला तारखेनुसार लावला की त्यातले बरेच उघड होते.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर (ओसी मिळाल्यावर) जीएसटी लागत नसल्यामुळे काही ग्राहक मुद्दाम तोवर थांबतात. त्या टप्प्यावर थोडा माल शिल्लक असणे हा दोष नव्हे. रात्री किती खिडक्यांत दिवे लागतात यावरून अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत, पण दिव्यांवरून राहणारी माणसे कळतात, विक्री कळत नाही. त्यापेक्षा संस्थेची चौकशी उपयोगी. इमारतीतील ५१ टक्के सदनिका बुक झाल्यापासून तीन महिन्यांत प्रवर्तकाने सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. ९० टक्के विक्रीचा दावा जुना झाला आणि संस्थेचा अर्जच झालेला नसला, तर एक तर आकडा फुगवलेला आहे किंवा कायद्याने दिलेली मुदत टाळली गेली आहे. अर्ज कोणत्या तारखेला झाला, हे करारनाम्यावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावे.