आधी एच-१बी, मग लग्न : नव्वद दिवसांच्या धाकाची पार्श्वभूमी

मुलगी अमेरिकेची नागरिक, मुलगा पवईत किंवा ऐरोलीत आयटीत, साखरपुडा झालेला आणि त्याच सुमारास मुलाची एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, मंजूर. अशा घरात लगेच प्रश्न येतो : बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या इंटरव्ह्यूला साखरपुड्याचे बोलायचे का? ‘अजिबात नको, आणि तिकडे पोचल्यावर नव्वद दिवस लग्नाचे नावही काढू नका,’ हा सल्ला ठाण्यापासून पार्ल्यापर्यंत सगळीकडे मिळतो. तो मुळात दुसऱ्याच व्हिसांसाठीचा आहे.

अमेरिकेत तात्पुरत्या कामासाठी येणाऱ्यांचा ‘एच’ वर्ग १९५२च्या कायद्याने आला. आजचा एच-१बी मात्र १९९०चा. त्या कायद्याने या व्हिसावाल्यांना मोठी मोकळीक दिली. पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून जाणाऱ्याला आपण परत येणार हे पटवून द्यावे लागते, एच-१बीवाल्याला नाही. तो नोकरीला जातानाच कायमचे राहण्याचा विचार मनात ठेवू शकतो. अट इतकीच की नोकरी खरी हवी आणि जाऊन ती करायला हवी.

मग नव्वद दिवस आले कुठून? व्हिसा अधिकाऱ्यांच्या नियमपुस्तिकेत पूर्वी तीस आणि साठ दिवसांचा दंडक होता. सप्टेंबर २०१७मध्ये त्याची जागा नव्वद दिवसांनी घेतली. देशात शिरल्यापासून तेवढ्या काळात व्हिसाशी विसंगत वागले, तर व्हिसा घेताना खोटे सांगितले असे गृहीत धरता येते. नागरिकाशी लग्न करून तिथेच राहणे हे त्यातले एक उदाहरण, पण पुस्तिकेतच ते पर्यटक, विद्यार्थी आणि स्थायिक होण्याचा हेतू ज्यांना चालत नाही अशांपुरते लिहिले आहे. एच-१बी त्यात बसत नाही. शिवाय ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज अमेरिकेतच तपासणाऱ्या खात्यावर ही पुस्तिका बंधनकारक नाही. गोंधळात भर घालतो तो १९७०पासूनचा वाग्दत्त वधूवरांचा के-१ व्हिसा. त्यात नेमके उलटे, नव्वद दिवसांच्या आत लग्न करावेच लागते. दोन्ही नव्वद ऐकीव माहितीत एक होऊन बसले आहेत.

लपवण्याचा सल्ला मला खरोखर धोकादायक वाटतो. व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आईवडिलांखेरीज जवळचे कोणी अमेरिकेत आहे का, असा प्रश्न असतो आणि त्या यादीत भावंडांबरोबर वाग्दत्त वधू किंवा वरही येतात. साखरपुडा झालेला असून तिथे ‘नाही’वर टिक केली, की लग्नाच्या हेतूने न होणारे नुकसान खोट्या उत्तराने होऊ शकते. ते जाणूनबुजून दिलेले आणि महत्त्वाचे ठरले तर प्रवेशबंदी आजन्म असते, आणि त्यातून सवलत मागण्याची वाट अरुंद आहे. उलट वैवाहिक स्थितीच्या रकान्यात साखरपुडा झालेल्याने ‘अविवाहित’ लिहिणे पूर्ण खरे आहे.

लग्नानंतरचे नियम त्यामानाने सरळ. नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा लागत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला लागते. १९८६पासून, कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ते दोन वर्षांचेच, सशर्त मिळते. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना आईच्या आजारपणासाठी मुंबईला यावे लागले, तर वैध एच-१बी आणि पासपोर्टवर त्याचे स्टॅम्पिंग असणाऱ्याला वेगळ्या प्रवासपरवान्याची गरज नसते. इतर बहुतेक व्हिसांवर ही सोय नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. ज्यांची मंजुरी त्याआधीच्या अर्जावरची आहे त्यांना ते लागू नाही. नव्याने निघणाऱ्यांना मात्र आधी लग्न करून मुंबईतूनच इमिग्रंट, म्हणजे कायम राहण्याचा, व्हिसा घ्यायचा, की के-१ धरायचा, हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.