पार्श्वभूमी : सप्लाय चेनचं सिम्युलेशन आणि ‘दोष कुणाचा’ हा जुना वाद

कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवणारी साखळी म्हणजे सप्लाय चेन. तिच्यात गोदाम कुठे ठेवायचं, साठा किती ठेवायचा हे आधी संगणकावर चालवून बघायची पद्धत, म्हणजे सिम्युलेशन, आता मोठ्या कंपन्यांत रुळली आहे. या पद्धतीचं मूळ मात्र वहीच्या एका पानात आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घरगुती उपकरणांचे कारखाने कधी तीन-चार पाळ्यांत चालत, आणि काही वर्षांत निम्मे कामगार घरी बसत. एका विद्युत अभियंत्याने साठा, ऑर्डरी आणि कामगारसंख्या यांचे रकाने आखून आठवड्यागणिक आकडे पेन्सिलीने पुढे नेले. ऑर्डर देण्याच्या नेहमीच्या नियमांतूनच अशा चढ-उताराच्या लाटा उठतात, हे तिथे दिसलं. १९५८च्या त्याच्या लेखापर्यंत हे गणित संगणकावर गेलं होतं. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्द त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८२ मध्ये रूढ होऊ लागला.

याच विचारातून निघालेला चार जणांचा खेळ आजही मॅनेजमेंटच्या वर्गात खेळतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. गिऱ्हाईक आठवड्याला ४ खोकी नेतं, मग एकदाच मागणी ८ वर जाते आणि तिथेच राहते. दुकानात १२ खोकी आहेत, दर आठवड्याला ४ येताहेत. मागणी वाढली की पहिल्या आठवड्याअखेर ८ उरतात, मग ४, मग शून्य. चौथ्या आठवड्यात गिऱ्हाइकाला ४ खोकी द्यायची राहून जातात. पहिल्याच आठवड्यात योग्य ऑर्डर टाकली तरी ती पोचायला दोन आठवडे आणि माल यायला दोन, म्हणजे फळी रिकामी होणारच. दुकानदार घाबरून आणखी मागवतो, वाटेतला माल हिशेबात धरत नाही, आणि हीच घबराट एकेक पायरी वर चढते. १९८९ मध्ये छापलेल्या नोंदींत दुकानदाराची सर्वात मोठी ऑर्डर सरासरी १५, तर कारखान्याची ३२ होती. खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दहापट. आसुडाच्या मुठीला हलकासा झटका द्यावा आणि टोकाला फटका बसावा, तसं. इंग्रजी नाव ‘बुलव्हिप’ पडलं ते यावरूनच.

इथून वाद सुरू होतो. १९८९चा निष्कर्ष असा, की माणूस वाटेतला माल विसरतो, म्हणजे चूक समजुतीची. १९९७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं, की सगळे शहाणपणाने वागले तरी लाट उठते. त्यांची कारणं चार: ऑर्डरींवरूनच मागणीचा अंदाज बांधणं, गठ्ठ्याने ऑर्डर देणं, किमतीच्या सवलती आणि टंचाईत गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणं. हा फरक पुस्तकी नाही. पहिलं खरं मानलं तर वितरकाला प्रशिक्षण द्यायचं, दुसरं मानलं तर कंपनीने स्वतःची स्कीम बदलायची. आपल्याकडे महिनाअखेरचं ‘क्लोजिंग’ ज्याने पाहिलंय त्याला दुसरं पटायला वेळ लागत नाही. टार्गेट पुरं करायला २८-२९ तारखेला माल वितरकाच्या गळ्यात मारायचा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर शून्य, आणि बैठकीत ‘वितरकाचं नियोजन कच्चं’ म्हणायचं. हा अन्याय आहे. लाट कंपनीच्याच स्कीमने उठवलेली असते.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि भारतात संगणकावरच्या या हिशेबांना, म्हणजे मॉडेलांना, नवं काम मिळालं. आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी राज्यागणिक ठेवलेले डेपो एकाएकी निरर्थक झाले. कुठला बंद करायचा, कुठला मोठा करायचा, हे संगणकावर तपासलं जाऊ लागलं. २०२०च्या टाळेबंदीत आणि मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा सहा दिवस अडला तेव्हा ‘हे बंद पडलं तर काय’ हा प्रश्न त्यात आला. थेट माहितीवर चालणाऱ्या मॉडेलला आता ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात. आत गणित बरंचसं जुनंच. प्रश्न आहे तो आत काय भरलं जातं याचा. दुकानातून गिऱ्हाइकाने नेलेला माल बाजूला राहतो आणि कंपनीने वितरकाला केलेली प्रायमरी विक्रीच ‘मागणी’ म्हणून भरली जाते, तेव्हा २९ तारखेचा फुगवटाही मॉडेलला खरी मागणी वाटतो, आणि पुढच्या महिन्याचं उत्पादन त्यावरच ठरतं.