विहिरीतला तांबडा पट्टा

आमच्या रानात विहीर काढली तेव्हा मी आठवीत होतो. करवीर तालुक्याच्या पश्चिमेला, भोगावतीच्या काठापासून अर्ध्या कोसावर आमची जमीन. वरची काळी माती जेमतेम कमरेइतकी होती. तिच्या तळाला चुनखडीचे पांढरे खडे, त्याखाली पिवळट मुरूम. मुरूम पहारीनं निघत होता. तो संपला आणि काळा पाषाण लागला, तशी दगड वर ओढायची यारी उभी राहिली आणि सुरुंगाचे बार सुरू झाले. पाचव्या परसाला (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) दगडात मधेच एक तांबडा पट्टा निघाला, वीतभर जाडीचा, विटेच्या रंगाचा, नखानं खरवडला तर भुगा होणारा. त्याच्या वरच्या कडेनं ओल झिरपत होती. विहीर काढणाऱ्यांतले एक म्हातारे मामा वडिलांना म्हणाले, "गेरू लागला बघा अण्णा. ह्याच्या अंगानंच पाणी सुटतंय. आता खाली मांजऱ्या येणार."

आणि आलाच. करड्या दगडात ज्वारीच्या दाण्याएवढे, कुठं बोराएवढे पांढरे ठिपके. सातव्या परसाला काम थांबवलं तेव्हा विहिरीत पुरुषभर पाणी होतं.

पुढं कॉलेजात भूविज्ञान शिकलो तेव्हा हेच थर इंग्रजी नावांनी पुन्हा भेटले. मला आजही मामांची नावं जास्त नेमकी वाटतात. कारण त्यांनी नुसता दगड ओळखला नव्हता, त्याखाली कोणता दगड येणार हेही सांगितलं होतं. खडकाचा क्रम ओळखणं हाच या शास्त्राचा पाया आहे.

हा क्रम ठरला 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणारा जाळ डोळ्यांपुढं येतो. दख्खनचं तसं नव्हतं. इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन सपाटीवर पसरत गेला. एक थर आला, थंड झाला. काही काळानं त्याच्यावर दुसरा आला. असे थरावर थर साचत गेले. आज झिजून उरलेला भागसुद्धा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा आहे. महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची जाडी किलोमीटरच्या वर जाते. दक्षिणेकडं ती कमी होत जाते आणि बेळगावच्या आसपास लाव्हाचा हा प्रदेश संपतो. म्हणजे कोल्हापूर जिल्हा या काळ्या दगडाच्या दक्षिण काठाजवळ आहे. म्हणूनच गडहिंग्लज, चंदगडकडं गेलं की लाव्हाच्या खालचे जुने, फिकट रंगाचे वालुकामय खडक ठिकठिकाणी उघडे पडलेले दिसतात. त्यांचं वय 100 कोटी वर्षांहून जास्त आहे.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडं येऊ. वितळलेल्या दगडात वायू विरघळलेला असतो. लाव्हा बाहेर आला की दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे होऊन वर चढू लागतात. वरचा भाग आधी थंड होत असल्यामुळं ते तिथंच अडकतात. तव्यावरच्या आंबोळीला वरून जाळी पडते, तशीच ही लाव्हाची जाळी. पुढं लाखो वर्षं गरम, क्षारयुक्त पाणी त्या पोकळ्यांतून फिरत राहिलं आणि त्यांत गारगोटी, चुन्याचे स्फटिक, झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरली. म्हणून मांजऱ्या बहुतेक थराच्या माथ्याला सापडतो आणि त्याखाली घट्ट पाषाण. मामांना पुढचा दगड आधी कळला तो यामुळं.

आणि तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधली विश्रांती. खालचा थर थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडला, दगड कुजला, त्यातलं लोह गंजलं, माती तयार झाली. मग एके दिवशी वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. आमच्या विहिरीच्या भिंतीत वीतभर जागेत जमिनीचा एक जुना पृष्ठभाग, तेव्हाचं एक रान, गाडलेलं आहे. डायनोसॉर जेव्हा संपत आले होते त्या काळातली ती माती. वरच्या पाषाणाच्या सांध्यांतून उतरणारं पाणी या चिकट पट्ट्याशी येऊन अडतं आणि आडवं सुटतं.

6 कोटी 60 लाख हा आकडा उच्चारायला सोपा, पण मनात बसत नाही. वर्गात मी मुलांना पुणे-कोल्हापूर रस्ता देतो. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. हा सगळा काळ 230 किलोमीटरच्या रस्त्यावर पसरा. पृथ्वी जन्मली तेव्हा तुम्ही पुण्यातून निघालात आणि आज अंबाबाईच्या महाद्वारात पोचलात. चंदगडकडच्या त्या फिकट खडकांचा काळ कराड मागं पडून पेठ नाक्याकडं येताना लागतो. आमच्या काळ्या दगडाचा काळ? तोवर गाडी कोल्हापुरात शिरलेली असते आणि महाद्वार उणंपुरं साडेतीन किलोमीटर उरलेलं असतं. आपली माणसाची जात दारापासून 15 मीटरवर येते. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बांधलं गेलं ते शेवटच्या साडेचार सेंटीमीटरमध्ये, आणि शाहू महाराजांपासून आजवरचा काळ पाच-सहा मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा.

ज्या दगडानं खिद्रापूरचा स्वर्गमंडप उभा आहे तो हाच काळा दगड, आणि पन्हाळ्याचा पायाही हाच. पण पन्हाळ्याच्या माथ्यावर गेलं की दगड बदलतो. तिथं तांबूस, भोकाभोकांचा जांभा लागतो. तो वेगळा कुठून आलेला नाही. काळ्या दगडावरच प्रचंड पाऊस आणि उष्णता यांनी लाखो वर्षं काम केलं, त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागं ठेवलं. जिथं ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट झालं. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडच्या खाणी त्याच्याच. आपल्या आज्या ज्याला जर्मनचं पातेलं म्हणायच्या, त्याचा धातू अशा धुऊन उरलेल्या डोंगरमाथ्यांतून येतो. जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, अवजारानं कापता येतो, आणि वाऱ्यावर घट्ट होत जातो.

जांभ्याची अडचण त्याच्या खाली आहे. जांभा पाणी पितो. त्याच्या आणि घट्ट पाषाणाच्या मधे कुजलेल्या दगडाची पांढुरकी-पिवळट चिकणमाती असते. पावसाळ्यात जांभ्यातून उतरलेलं पाणी तिच्यात साठतं, ती फुगते, जड होते, निसरडी होते. उतारावर रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला असेल तर वरचा भार धरून ठेवायला काही उरत नाही. 2021 च्या जुलैत पन्हाळ्यावर जाणारा मुख्य रस्ता खचला. डोंगराच्या उतारावर राहणाऱ्यांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात: जमिनीला पडलेली नवी, वाढत जाणारी भेग, कलू लागलेली झाडं आणि खांब, अचानक गढूळ झालेला किंवा जागा बदललेला झरा. यातली एकही दिसली तर पावसात त्या घरात रात्र काढू नये.

कोल्हापूरकराला आपत्ती म्हटलं की आधी आठवतो तो मात्र पूर. तो समजून घ्यायला पश्चिमेचा डोंगर आणि पूर्वेची सपाटी एकत्र पाहावी लागते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून कोल्हापूर शहर 55 किलोमीटरवर. आणखी पूर्वेला शिरोळला जावं तर गगनबावड्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. सह्याद्रीच्या भिंतीनं ढग अडवायचे आणि पाणी आमच्या बाजूला सोडायचं, अशी ही रचना. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती हे पाणी घेऊन उताराने धावत येतात. खालचा पाषाण फारसं पाणी पीत नाही. प्रयाग चिखलीला या नद्या एक होतात, पंचगंगा बनते, आणि नेमका तिथंच उतार संपतो. पुढं नदी नागमोडी वळणं घेत नृसिंहवाडीपर्यंत जाते. तिथं कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही. ती तुंबते आणि दोन्ही काठांवर पसरते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस पाण्याखाली होता. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा तितकंच चढलं.

2019 चं पाणी ओसरल्यावर मी शाहूपुरीतल्या मित्राच्या घरी घर धुवायला गेलो होतो. फरशीवर बोटभर गाळ. एका कोपऱ्यातला मी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला. पात्याने कापून पाहिला तर तळाला बारीक वाळूसारखी कच होती, वर साईसारखी मऊ माती. पाणी वेगात असताना जड कण आधी खाली बसले, पाणी थांबल्यावर हलके. तिसऱ्या दिवशी तो गाळ वाळला आणि त्याला पाच-सहा कोनी भेगा पडल्या. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला दगडाचे असेच कोनाकोनाचे खांब आहेत. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि चिरत गेला, तेव्हाचे ते. मित्राच्या फरशीवर तेच चाललं होतं, फक्त दगडाऐवजी चिखलात आणि तीन दिवसांत.

आणि नदीकाठच्या मळीच्या जमिनी याच गाळाच्या. एकेका पुरानं बोटभर, कधी पेरभर आणून टाकला, तो साठत साठत ऊस पिकवणारी ती सपाटी झाली. जुन्या गावांना हे ठाऊक होतं. चिखलीच्या नावातच चिखल आहे. नृसिंहवाडीत पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा लोक तिथं स्नानाला जमतात आणि त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी येणार, हे धरूनच तिथला व्यवहार चालतो. ती सपाटी नदीनं स्वतःसाठी घातलेली जागा आहे, आणि आपण तिच्यावर भराव टाकून प्लॉट पाडतो हे पाहताना मला खरोखर त्रास होतो. भरावाच्या प्रत्येक ट्रकाएवढं पाणी शेजारच्या घरात जातं.

नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाच्या. या शब्दांनी लोक फसतात. "येऊन गेला की, आता आपल्या हयातीत नाही," असं मी पुष्कळांकडून ऐकलं आहे. 100 वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, काल पूर येऊन गेला असला तरीही. घरासाठी 30 वर्षांचं कर्ज काढलं, तर ते फिटेपर्यंत लाल रेषेइतका पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात 26. निळ्या रेषेची शंभरात 71. घर घेताना हे दोन आकडे कागदावर मांडून पाहावेत.

भूकंपाचं थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडं त्याची भीती पुरापेक्षा कमी आणि गैरसमज जास्त. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. आजी सांगायची, फळीवरची पितळी भांडी घणाघणा वाजली आणि सगळी गल्ली अंगणात आली. धरणाच्या जलाशयाचं वजन आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोल भेगांत उतरलेल्या पाण्याचा दाब, यांनी आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त दिलं. तिथं नंतर शास्त्रज्ञांनी खोल छिद्रं घेतली. एका ठिकाणी सुमारे 930 मीटर बेसाल्टचे, म्हणजे याच काळ्या दगडाचे, थर पार केल्यावर थेट ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला. भूकंप घडतात ते त्या खालच्या खडकात. आपला काळा दगड त्यावरचं पांघरूण आहे. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. भिंतींना आडव्या पट्ट्या घालून, कोपरे बांधून घेऊन घर मात्र टिकाऊ करता येतं.

विहीर अजून आहे. बोअर आल्यापासून तिच्याकडं फारसं कुणी फिरकत नाही. पावसाळ्यात पाणी कठड्याशी येतं, तेव्हा काहीच दिसत नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलं की पाचव्या परसाशी तो तांबडा पट्टा उघडा पडतो. परवा मुलाला घेऊन गेलो होतो. त्यानं विचारलं, "बाबा, त्या लाल रेघेतूनच पाणी का येतंय?" पट्ट्याच्या वरच्या कडेनं तेव्हाही ओल झिरपत होती, आणि त्या ओलीवर नेच्याचं एक हिरवं पान उगवलं होतं.